पहिलं पाणी शेवटाला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. यंदा दिवाळी उरकल्यावर हसीनाभाबीच्या पडवीत बसून आम्ही पऱ्याला पुन्हा बांध घालायचं ठरवलं, तेव्हा भाबी ओढणीनं डोळे पुसत होती आणि मला आतून उड्या माराव्याशा वाटत होत्या. पन्नाशी उलटलेला, गावात घुम्या म्हणून माहीत असलेला मी! दुसऱ्याच्या विहिरीत खाडीचं खारं पाणी चढलं म्हणून आपल्याला सण मिळाला, या आनंदाला काय म्हणायचं? मी मान खाली घालून कपातल्या चहाकडे बघत राहिलो. लोकांना वाटलं, गडी हळहळतोय.

तो चहाही साधा नव्हता. आमचं खोरं चिंचोळं. कातळावरून उतरणारा एक पऱ्या, म्हणजे ओढा, त्याच्या काठानं एकाला एक लागून माडापोफळींची आगरं, आणि खाली खाडी. सगळ्यांत वरचं आगर माझं, सगळ्यांत खालचं भाबीचं. नवरा कुवेतला, त्यामुळे आगर तीच बघते. त्या दिवशी तिनं आम्हां आगरवाल्यांना बोलावून घेतलं, प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि स्वतः खांबाला टेकून उभी राहिली. पहिला घोट दत्तारामानं घेतला. दत्ताराम माझा शेजारी, मधल्या आगराचा मालक. त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"भाबी, साखर समजून मीठ घातलंस काय गो?"

"साखर दोन चमचे जास्तीच आहे, दत्ताभाऊ. पाणी माझ्या विहिरीचं आहे."

पिऊन टाकावा तर घशाखाली उतरेना, ठेवून द्यावा तर कुणाची हिंमत होईना. पडवीतून तिच्या पोफळी दिसत होत्या. माडाचं काय, तो खाडीच्या काठावर खारं पाणी पिऊनही डुलत राहतो. पोफळ तशी नाही, ती मानी. तिची पानं टोकांकडून पिवळी पडत आतवर आली होती.

"पुढल्या पावसापर्यंत ही झाडं टिकणार नाहीत," भाबी म्हणाली. "तिकडून यांचा फोन, विकून टाक म्हणून. विकू कुणाला? गिऱ्हाईक येतं, वर बघतं, आणि माझी सुपारी सोडून माझ्या तब्येतीची चौकशी करून जातं."

आम्ही हसलो. हसता हसता तिनं तोंड फिरवलं आणि ओढणी डोळ्यांना लावली. तेव्हा कोपऱ्यातून रमाकांत गुरुजी म्हणाले, "मग पऱ्याला बांध घालू या की. पूर्वी घालत नव्हतात?" गुरुजी बौद्धवाडीतले, शाळेतून निवृत्त झालेले. आगर नसलं तरी भाबीनं त्यांनाही बोलावलं होतं. बांधावरून निघणारा पाट त्यांच्या वाडीच्या पायथ्यानं खाली उतरायचा. आता त्या पाटात पालापाचोळा आणि कोंबड्या.

बांध! तो शब्द कित्येक वर्षांत कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

बांधाचे दिवस ज्यानं पाहिले नाहीत त्याला ते कसे सांगावेत? भात झोडून झालेलं असे. अंगणात पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, त्यांचा गोडसर, शिंकवणारा वास घरभर. पऱ्याचं पावसाळी लाल पाणी निवळून असं व्हायचं की तळाचा गोटा उचलायला हात घालावा आणि हात कोपरापर्यंत भिजला तरी गोटा दूरच. सकाळी गवतावर दव, पायाला झिणझिण्या आणणारं. अशा एका सकाळी पलीकडच्या काठावरून कुणीतरी 'होऽऽ' अशी लांब हाळी घाली. घराघरांतून माणसं निघत. कुणाच्या खांद्यावर कुदळ, कुणाच्या डोक्यावर घमेलं, बायकांच्या कमरेवर टोपल्या. आम्ही पोरं तर तोंड धुण्याआधीच पऱ्यात.

आधी मोठे गोटे आडवे लावायचे. त्यांच्या सांदीत ऐन-किंजळीचे पाल्यासकट तोडलेले टाळ खुपसायचे, वर पेंढा, वर चिकणमाती, आणि मग सगळ्यांनी मिळून ती तुडवायची. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, तालात. पायांच्या बोटांमधून गार चिखल वर येतो तेव्हा माणसाला हसू फुटतंच, वय काही असो. चेचलेल्या पाल्याचा तुरट वास, मातीचा वास, बांधाखाली उघड्या पडलेल्या डबक्यात खेकडे धरायला पडलेली झुंबड. आणि पाणी! ते आधी बांधाला नाक लावून बघतं, उजवीकडे जाऊन बघतं, डावीकडे जाऊन बघतं. मग वाट नाही हे कळल्यावर जागच्या जागी फुगायला लागतं. कुठंतरी बारीक झरा सुटतो. "फुटलं रे, फुटलं!" की आम्ही पोरं धावत जाऊन चिखलाचे गोळे थापणार, त्यावर बसणारसुद्धा.

आणि वडील. घरात माझे वडील बोलत नसत. जेवताना मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. मी त्यांच्यावरच गेलो आहे, सगळे म्हणतात. पण बांधावरचे वडील निराळेच होते. लंगोटी लावून मांडीभर पाण्यात उभे, कुणाला हाका मारतायत, कुणाच्या तोंडावर पाणी उडवतायत, दत्तारामाच्या बापाशी पैज लावून गोटा उचलतायत आणि तो पायावर आपटल्यावर खो खो हसतायत. त्यांचं हसणं मला आठवतं ते तेवढंच, पऱ्यातलं. बांध पुरा झाला की ते कपडे घालून घरी येत आणि पुन्हा गप्प होत. भाबीच्या पडवीत मला आनंद का झाला, हे आता तरी ध्यानात यावं.

मग पाणी सोडायचा क्षण. पाटाच्या तोंडाशी लावलेली फळी उचलली की पाणी कोरड्या पाटात शिरायचं आणि आम्ही त्याच्या बरोबरीनं पळायचो. पाण्याचं तोंड पाहिलंय कधी? ते स्वच्छ नसतं. फेस, काड्या, मुंग्या, सुकी पानं असं सगळं गाव डोक्यावर घेऊन ते येतं, तहानलेली जमीन चुर्र आवाज करून त्याला ओढून घेते, आणि जरा दम खाऊन ते पुन्हा पुढं सरकतं. आमच्या आगरातून जायचं, पण थांबायचं नाही. दत्तारामाच्या आगरातून जायचं, तिथंही नाही. खोऱ्याचा नियमच होता: पहिलं पाणी शेवटाला. सगळ्यांत खालचं आगर भिजेपर्यंत वरच्यानं आपल्या आळ्यात पाणी वळवायचं नाही. एकदा मी वडिलांना विचारलं, पाणी तर आपल्या दारातून जातं, मग आपण मागून का? तेव्हा ते बांधावरच होते, म्हणून उत्तर मिळालं. "आपल्याला पाणी डोळ्यांनी दिसतं रे. खालचा नुसतं ऐकून असतो."

किती सुंदर नियम, असं मी पुढं बरीच वर्षं मनाशी घोळवत आलो. पण पाणी शेवटापर्यंत पोचायचं हे खरं असलं, तरी वाटेतल्या बौद्धवाडीत ते कधी वळत नसे. बांधाचे सगळ्यांत जड गोटे त्या वाडीतली माणसं उचलत. पाट त्यांच्या वाडीच्या पायथ्याशी खळखळत जायचा. पाण्याची पाळी मात्र त्यांना नव्हती, कारण आगर नव्हतं. आणि आगर नव्हतं, कारण जमीन कुणी दिलीच नव्हती. मला हे दिसत असून दिसलं नाही. पाण्याच्या मागं पळणाऱ्या पोराला दोन्ही काठ कुठं दिसतात, असं म्हणून सुटता येईल. पण मी काही पोरच राहिलो नाही.

आमच्या खोऱ्यातली फळफळावळ सगळी पाण्याच्या पाठीमागून चालत आलेली आहे. पणजोबांनी गुहागरकडच्या पाहुण्यांकडून पोफळीची रोपं आणली, तेव्हा म्हणे घरातली माणसं कळशा भरभरून शिपणं करत. मग विहिरीवर पायरहाट आला. पहाटे त्यावर चढून पायांनी तो फिरवायचा, पोहरे भरून वर येत, पाणी पन्हळीत पडे. ती पन्हळ म्हणजे मेलेल्या पोफळीचंच खोड, मधून चिरून कोरलेलं. जन्मभर पाणी प्यायलेलं झाड मेल्यावर दुसऱ्याला पाणी पाजत पडून राही. पोफळीच्या सावलीत केळ, केळीच्या ओलीत जायफळ, माडाच्या अंगावर मिरवेल. असं एकाच ओलाव्यावर सगळं कुटुंब पोसलेलं. हापूस तेव्हा वर कातळाच्या कडेला, आपल्या नशिबानं. लहान असताना दोन-चार उन्हाळे त्याला पाणी घालायचं, मग तो आणि आभाळ.

मग वीज आली, पंप आले. पहिला आमच्याकडे, मग दत्तारामाकडे, मग ओळीनं सगळीकडे. बटण दाबलं की पाणी! त्या आनंदाचीही मला आठवण आहे, ती का लपवू? आई विहिरीच्या काठावर उभी राहून पाइपाच्या तोंडाला हात लावून बघत होती, गाईच्या तोंडाला लावावा तसा. पंप आल्यावरही काही वर्षं आम्ही सवयीनं बांध घालत राहिलो. त्यामुळे विहिरी तुडुंब. आम्हाला वाटलं, पाणी पंप देतो. मग एका वर्षी कुणी हाळी घातली नाही. पुढच्या वर्षी कुणाला ती आठवली नाही. विहिरी हळूहळू उतरल्या, तशी आम्ही पंपांची ताकद वाढवली. बांधाचं पाणी पाटातून जाताजाता अख्ख्या खोऱ्याच्या पोटात मुरत होतं आणि तेच खाडीला खाली रेटून धरत होतं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही वरून उपसत राहिलो, खालून खाडी वर येत राहिली. ती पोचली भाबीच्या चहात.

तर यंदा बांध. ठरल्या सकाळी मी उजाडायच्या आतच पऱ्यात जाऊन उभा! बायकोनं विचारलं, "एवढ्या गारठ्यात काय?" म्हटलं, जागा बघून येतो. जागा काय बघायची, डोळे मिटून सांगितली असती.

पण बाकी कुणाला काही धड आठवेल तर शपथ. गोटे आधी की टाळ आधी, इथून सुरुवात झाली.

"टाळ आधी रे. माझा बापूस टाळच लावायचा पयला."

"तुझा बापूस काठावर बसून विडी ओढायचा, दत्या. गोटे आमचे वडील लावायचे," खालच्या एका आगरवाल्यानं सुनावलं.

"मग तूच लाव. आमी विडी ओढतांव."

शेवटी दत्तारामानंच वाळू भरायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या. गोण्या म्हणजे बांधाचा अपमान असं काहींचं म्हणणं पडलं. तासभर त्यावर भांडण झालं, आणि ते इतकं रंगलं की मधे पाण्यानं आमचे लावलेले गोटे निवांत वाहून नेले. मग मात्र सगळेच पाण्यात उतरले. भाबी आली ती पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे घालून.

"भाबी, तुमी बसा वर. चहाचं बगा तेवढं," कुणीतरी म्हणालं.

"चहा माझा प्यालात ना परवा? आता तुम्ही करा. मला घमेलं द्या."

रमाकांत गुरुजी वाडीतली पोरं घेऊन आले. काठावर उभे राहून, चष्मा पुसत, वर्गात बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "एक गोष्ट आधीच बोलतो, म्हणजे मागून वाद नको. पूर्वी दगड आमचे आणि पाळी तुमची होती. आता वाडीनं घरांमागं भाजी आणि केळी लावल्या आहेत. यंदा पाळी आम्ही घेतो. दगड तुम्ही वाहा."

कुणी हसलं, कुणी हसावं की नाही म्हणून शेजाऱ्याकडे बघितलं. भाबीच म्हणाली, "घ्या की. पाट तुमच्या दारातनं जातो, तुम्ही काय नुसता त्याचा आवाज ऐकायचा?" विषय तिथंच मिटला. इतकी वर्षं जे कुणी बोललं नाही, ते मिटायला इतका थोडा वेळ लागला, याचीच मला लाज वाटली. गुरुजींनी दगड मात्र उचललेच. ते आणि मी मिळून एक गोटा ओढत होतो, तो निसटला आणि आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात बसलो. गुरुजींचा चष्मा वाहत चालला. पोरांनी आरडाओरडा करत तो धरला. मी हसत होतो. मोठ्यानं, तोंड उघडून, सगळ्यांच्या देखत. दत्ताराम हातातली गोणी टाकून बघत राहिला. "आयला, ह्याला आवाज हाय!"

बांध उभा राहिला. वाकडा, अर्धा गोण्यांचा, अर्धा टाळांचा, पण उभा राहिला. पाणी त्याला नाक लावून गेलं, उजवीकडे, डावीकडे, आणि फुगायला लागलं. मी जागचा हललो नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. बांधाआधी आम्ही पाट मोकळा करायला घेतला होता, ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीत. पाटाचं आम्ही काय काय करून ठेवलं होतं! कुणाचा त्यावर कपडे धुवायचा दगड, कुणाचा खतखड्डा, दत्तारामाच्या कुत्र्याचं घर. कुत्रं उठायला तयार नव्हतं, त्यावरून दिवसभर करमणूक झाली. पण सगळ्यांनी हलवलं. माझ्या हद्दीत पाट फाटकासमोरून जातो. काही वर्षांपूर्वी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो थेट आत यावा म्हणून मी तिथं पाट बुजवून काँक्रीटचा उतार घातला. चांगला जाड, लोखंड घालून. तेव्हा पाट मेलेला होता, कुणी हरकत घेतली नाही. आता लोक तिथं येऊन थांबले.

"हे कसं करायचं?" गुरुजींनी विचारलं.

"आंब्याचे दिवस जाऊ देत," मी म्हणालो. "मग फोडून देतो. तोवर उतारावरून पाइप टाकू."

सगळे मुकाट्यानं मान डोलावून पुढं गेले. वरचं आगर माझं, बांधाला जागा माझी, कोण काय बोलणार? भाबीनंसुद्धा "चालेल भाऊ" म्हटलं.

फळी उचलली तेव्हा आम्ही सगळे पाण्याबरोबर निघालो. पोरं पुढं, आम्ही मागं, गुडघे कुरकुरतायत तरी पळतोय. तेच फेस-काड्यांचं तोंड, तोच चुर्र आवाज, भिजल्या धुळीचा तोच वास. आणि पाणी माझ्या फाटकाशी आलं, उताराला टेकलं, थांबलं. पाइपात शिरलं ते थोडंसं. बाकीचं बगलेनं वळलं आणि माझ्या आगरात उतरलं.

"पाट तुज्या दाराशी वस्तीला ऱ्हायला रे," दत्ताराम म्हणाला. गमतीनंच म्हणाला. कुणी हसलं नाही.

तरी त्या दिवशी दुपार कलताना भाबीचा फोन आला. ती ओरडतच होती. "भाऊ, आलं! करंगळीएवढं आहे, पण आलं! आणि गोड आहे हो, गोड आहे!" मागून तिच्या लेकीच्या किंचाळ्या. मीही ओरडलो, काय ते आठवत नाही. संध्याकाळी लेक ताटलीत गूळखोबरं घेऊन आली. पाणी शेवटाला पोचलं की खालच्या घरानं वरच्या घराला गूळखोबरं पाठवायचं, ही पोचल्याची खूण. भाबीच्या सासूकडूनही ते यायचं. बायकोनं माझ्या हातावर ठेवलं. मी आगरात गेलो. माझ्या पोफळींच्या आळ्यांत घोट्याएवढं पाणी होतं. त्या हिरव्यागार, टवटवीत, आणि बघता बघता पाणी जमिनीत मुरत होतं. ते खालच्या आगराचं होतं. मी नियम मोडलेला नाही, एकही आळं हातानं फोडलेलं नाही. माझा उतारच ते काम करतो आहे. ओंजळीतलं गूळखोबरं विरघळून बोटांना चिकटलं तरी मला तोंडात घालवेना.

कलमांना मोहर यंदा चांगला आहे. आंबा उतरून पेट्या जाईपर्यंत चैत्र-वैशाख उजाडेल, आणि पोफळ तोवर करंगळीएवढ्या पाण्यावर जगत नाही, हे मला कुणी सांगायला नको. 'आंब्याचे दिवस जाऊ देत' म्हणताना ते मला माहीत होतं. टेम्पो रस्त्यावर उभा राहिला तर पेट्या डोक्यावरून न्याव्या लागतील, इतकंच.

म्हणून मी अजून काय देणं लागतो ते इथं लिहून ठेवतो. फाटकासमोरचा उतार फोडून पाट पहिल्यासारखा उघडा करणं मी लागतो, आंब्याच्या आधी, या आठवड्यात. आणि बांध घातल्यापासून माझ्या आगरात मुरलेलं सगळं पाणी माझ्या पुढच्या पाळ्यांतून हसीनाभाबीला देणं लागतो. हे लिहीपर्यंत उतार जागेवर आहे.